घरघर
गेल्या आषाढात एका रात्री वीज गेली नि आली. माझा संगणक मात्र गेला तो गेलाच. बटण दाबले तरी हूं की चूं नाही. आणि आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या तेवढ्या त्याच्याच हार्ड डिस्कवर! प्रत करायचे मी रोज उद्यावर ढकलीत आलो होतो.

वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे दुकानदारांचा एसएमपीएस, सोडवली. यू-पिन सरळ करून २४ पिनांच्या जोडातली हिरवी तार काळीला जोडली, वीज दिली. पंखा हलेना. पेटी मेली, हे ठरले. पण मरताना पिवळ्या तारेतून १२ व्होल्टऐवजी भलतेच काही डिस्ककडे धाडून तर गेली नसेल?

लॅमिंग्टन रोडवरून नवी पेटी आणली. बटणावर बोट ठेवले, आणि माझ्यासारखा नास्तिकही क्षणभर घुटमळला. डिस्क घरघरली. चहाही न घेता मी प्रत करायला बसलो.