बेकरीवाल्याची ओमनी

आमच्या घरात कुठे जायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “तिथं आपलं कोण आहे?” कोणी असेल तर जायचं, नसेल तर नाही. लग्न, मय्यत, उरूस, बाळंतपण एवढ्याच कारणांनी आमच्या मागच्या दोन पिढ्या गावाबाहेर पडल्या. पडल्या तेव्हा खालाकडे, फुफूकडे, मामूच्या चुलत सासऱ्याकडे उतरल्या. नुसतं बघायला म्हणून कुठे जाणं ही पैसेवाल्यांची हौस, असंच आम्ही समजत आलो. त्यात पैशाचा भाग होताच. पण खरी अडचण रात्रीची होती. पुरुषाला कुठल्याही गावात मशिदीच्या ओसरीवर पाठ टेकायला मिळते, वजूला पाणी मिळतं, सकाळी नमाजी लोक चहाही पाजतात. बाईमाणसानं काय करायचं?

लॉज आहेत की, असं कोणी म्हणेल. चार माणसांना दोन खोल्या घ्याव्या लागतात, त्या बहुतेक वरच्या मजल्यावर असतात आणि अम्मीचे गुडघे गेलेले आहेत. शिवाय एका गावी आम्हाला फोनवर मिळालेली खोली काउंटरवर नाव सांगितल्यावर आणि माझ्या बायकोचा बुरखा दिसल्यावर ‘फुल्ल’ झाली होती. आम्ही रात्रभर एसटी स्टँडवर बसलो. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. असे अनुभव आपल्या वाचकांना नवे नाहीत, म्हणून लांबण लावत नाही.

चाकावरचं घर घ्यावं हा विचार त्या स्टँडवरचाच. मोबाइलवर परदेशातली मोटारहोमं पाहून झाली होती. आत स्वयंपाकघर, न्हाणीघर, फ्रीज. आपल्याकडेही महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्या बातमीतली गाडी पाहून बायको म्हणाली, “ही गाडी उभी करायला आपल्या गल्लीत जागा नाही, आणि घ्यायला तर दुनियेत नाही.” मी बी.एड. होऊन उर्दू माध्यमिक शाळेत लागलो तेव्हा शिक्षण सेवक म्हणून महिना आठ हजार रुपयांवर तीन वर्षं काढली. नंतर पगार नीट झाला, पण त्याआधीच बहिणीचं लग्न आणि घराची डागडुजी यांनी तो वाटून घेतला होता. म्हणून लाखाच्या आत जे बसेल ते, अशी मर्यादा घालून घेतली. त्या मर्यादेत एकच गाडी बसत होती: मारुती ओमनी.

ओमनी कोणाला माहीत नाही? १९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ नावानं आली, पुढे ओमनी झाली, २०१९ मध्ये कंपनीनं ती बनवणं थांबवलं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे. शाळेची पोरं, रुग्ण, भाजी, लग्नाचा बँड, सगळं तिनं वाहिलं. हिंदी सिनेमानं मात्र तिला अपहरणाची गाडी म्हणून बदनाम केलं.

आमच्या मिरजेत एक जुने मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांना घेऊन मी तीन महिने गाड्या पाहत फिरलो. रत्नागिरीहून आलेली एक चकचकीत गाडी मला पसंत पडली होती. उस्तादांनी खिशातून लोहचुंबक काढून दरवाज्याच्या खालच्या कडेला लावलं. ते चिकटलंच नाही. आत पत्रा नव्हता, पुट्टी होती. पायाखालची चटई उचलली तर जमीन दिसली. खाऱ्या हवेची गाडी फुकट दिली तरी घेऊ नये, हा पहिला धडा. दुसऱ्या गाडीत ऑइलच्या झाकणाला आतून पांढरा फेस होता, म्हणजे पाणी तेलात उतरतंय. तिसरी निळा धूर सोडत होती. चौथीचा मालक आम्ही जायच्या आधीच इंजिन तापवून ठेवायचा. उस्ताद म्हणाले, “मास्टर, जिसकी गाडी थंडी में चालू नै होती, वोच पैले से गरम करके रखता. गाडी नवरी नै, बैल है. चेहरा मत देखो, दात देखो.”

शेवटी मिळाली ती सांगलीतल्या एका बेकरीवाल्याची, २०१० ची. दोन वेळा पाव पोचवण्यात तिचं सगळं आयुष्य गेलेलं. मला वाटलं, इतकी राबलेली गाडी काय घ्यायची! उस्तादांचा हिशेब उलटा होता. “पाव-बटर का वजन क्या रैता? पाटे अभी जवान हैं.” कागदावर कर्जाचा बोजा नव्हता, चॅसी नंबर जुळत होता, दंडाची थकबाकी नव्हती. पंच्याण्णव हजारांवरून अठ्ठ्याहत्तर हजारांवर सौदा तुटला. पंधरा वर्षांची नोंदणी संपायला अडीच वर्षं उरली होती, म्हणूनच ती एवढ्यात मिळाली.

पैशाचीही एक गोष्ट आहे. शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज मिळत होतं, पण अम्मीला सुदाचा पैसा चालत नाही, निदान फिरण्यासाठी तरी नाही. तेव्हा बायकोची भिशी कामाला आली. मोहल्ल्यातल्या बारा बायका, महिना पाच हजार, तिची पाळी त्याच महिन्यात लागली. साठ हजार तिचे, अठरा माझे. गाडी माझ्या नावावर असली तरी कोणाची आहे ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

घेण्यापेक्षा चालती करण्यात खरी कसोटी लागते. चार टायर १०,४००, क्लच ४,५००, टायमिंग बेल्ट १,५००, रेडिएटरची सफाई आणि पाइप १,८००, बॅटरी ३,२००. एकूण २१,४०० रुपये. हे सगळं एका दिवसात झालं नाही, सहा महिने लागले. जुनी गाडी घेणाऱ्यानं किमतीच्या पाव हिस्सा रक्कम बाजूला ठेवूनच बोलणी करावी. टायमिंग बेल्ट तर दिसायला ठीक दिसला तरी बदलावा, कारण मागच्या मालकानं तो कधी बदलला हे कोणीच खरं सांगत नाही. मी खर्चाची वही उर्दूत लिहितो आणि उस्तादांना फक्त मराठी वाचता येतं, पण आकडे दोन्ही लिपींत डावीकडूनच वाचतात. त्यामुळे आमचं कधी अडलं नाही.

आता घराचा भाग. गाडीत कायमचा पलंग ठोकायचा, सीट काढून टाकायच्या, असा माझा बेत होता. आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्यांनी वेळीच मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ दाखवलं. नोंदणीच्या कागदावर कंपनीनं दिलेला जो तपशील आहे तो बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. उद्या अपघात झाला तर विमा कंपनीला नाही म्हणायला तेवढं निमित्त पुरतं. म्हणून आम्ही काहीच कापलं नाही, ठोकलं नाही. मागची सीट पाडायची, तिच्यावर बिजागरीनं दुमडणारी प्लायवूडची फळी पसरायची, वर गादी. फळीखाली भांडी, पाण्याचे कॅन, मुसल्ले. पडदे बायकोनं जुन्या दुपट्ट्यांचे शिवले, पण ते गाडी उभी असतानाच लावतो. चालत्या गाडीच्या काचा उघड्याच हव्यात. या सगळ्याला ३,७०० रुपये लागले. झोपायला तिघी: अम्मी, बायको, मुलगी. मी बाहेर चटई टाकतो, पाऊस आला तर पुढच्या सीटवर बसून डुलक्या काढतो.

गॅसची शेगडी मात्र उस्तादांनी गाडीत ठेवू दिली नाही. पुढच्या सीटच्या खालीच इंजिन, मागे पेट्रोलची टाकी, त्यात सिलिंडर कशाला? भाकरी, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी आणि थर्मास यांवर दोन दिवस सहज निघतात. रात्री इंजिन बंद आणि दोन्ही बाजूंची काच चार बोटं उघडी, हा दंडक.

पहिला मोठा प्रवास विजापूरचा. आता त्याचं नाव विजयपुरा झालंय, अम्मीच्या तोंडी मात्र विजापूरच. तिचं माहेर जत तालुक्यात. तिथून विजापूर पासष्ट-सत्तर किलोमीटर असेल. लहानपणापासून ती गोलघुमटाच्या गोष्टी ऐकत आली, बाजाराला जाऊन आलेले लोक सांगायचे. पण पासष्ट वर्षांत तिनं तो पाहिला नव्हता. का? तर विजापुरात आपलं कोणी नव्हतं.

२०२३ च्या डिसेंबरात नाताळला जोडून शनिवार-रविवार आला. शनिवारची सकाळची शाळा करून आम्ही निघालो. कवठेमहांकाळ, जत, मग सपाट, कोरडा मुलूख. मी साठच्या वर गाडी नेत नाही. ओमनीला पुढे बॉनेट नाही. काही झालं तर पहिला मार आपल्याच गुडघ्यांना, हे विसरून चालत नाही. अम्मीला साखरेचा आजार आहे, दर तासाला थांबावं लागतं. एसटीत ती अशा वेळी पाणीच प्यायची नाही. आता पेट्रोल पंप दिसला की ती स्वतःच सांगते, थांबव. पूर्ण रस्ता ती पाणी पीत आली. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा गाडीचे पैसे वसूल झाले असं बायको म्हणते, आणि ते खरं आहे.

रात्री शहराबाहेरच्या एका पंपावर परवानगी घेऊन थांबलो. रखवालदार आपल्यासारखंच दखनी बोलणारा निघाला. पण पडदे लावलेली ओमनी, बाहेर चटईवर दाढीवाला माणूस. बारा-साडेबाराला गस्तीची जीप आली आणि टॉर्च तोंडावर पडला. आधी कानडीत, मग हिंदीत विचारणा. कागद दाखवले. नाव वाचल्यावर जी दोन क्षणांची शांतता पसरते ती पसरली. शाळेचं ओळखपत्र पुढे केलं. तेवढ्यात सरकता दरवाजा उघडून अम्मीनं डोकं बाहेर काढलं आणि म्हणाली, “बेटा, लॉज में सीडियाँ रैतीं. मेरे घुटने नै चलते.” हवालदार तिच्याकडे पाहत राहिला. मग माझा फोन नंबर वहीत उतरवून घेतला, गाडी दिव्याखाली आणायला लावली आणि गेला. त्याचं वागणं बरं होतं. तरीही मी फज्रपर्यंत झोपलो नाही. चाकावरच्या घराला पत्ता नसतो आणि आपल्या लोकांना पत्ता विचारला जाण्याची सवय असते, तेव्हा ही भीती या खर्चात धरावीच लागते. त्यानंतर आम्ही एक शिरस्ता पाळतो: पंप, दर्गा किंवा मोठी मशीद, उजेड, आणि आधी विचारून. आडरानात, तळ्याकाठी, डोंगरावर मुक्काम हे मोबाइलवरच्या लोकांना शोभतं.

सकाळी गोलघुमट पाहिला. मोहम्मद आदिलशहाची ही कबर, तो १६५६ मध्ये वारला. मी मुलीला सांगत होतो की बाहेरून घुमटाचा व्यास चव्वेचाळीस मीटर आहे आणि आत त्याला आधाराला एकही खांब नाही. अम्मीला कोपऱ्यातल्या मनोऱ्याचे सात मजले चढणं शक्य नव्हतं. ती खाली मधोमध मान वर करून उभी राहिली. वर सज्ज्यावरून पोरं ओरडत होती, आवाजावर आवाज येत होते. त्या गोंगाटात ती पुष्कळ वेळ तशीच होती. बाहेर आल्यावर गाडीच्या उघड्या दारात पाय खाली सोडून बसली, चहाचा कप हातात घेतला आणि एवढंच म्हणाली, “इत्ता नजदीक था रे.”

मी काही बोललो नाही. बायकोनं तिच्या पायाला तेल लावलं.

तीनशे किलोमीटरच्या या फेरीला पेट्रोल चोवीसशे रुपयांचं लागलं. चार माणसं आणि सामान घेऊन लिटरला तेराच्या पुढे ती जात नाही. जेवण-चहा धरून सगळं साडेतीन हजारांत आटोपलं. मुक्कामाचा खर्च रखवालदाराला दिलेला नानकटाईचा पुडा. बेकरीचा वास गाडीतून अजून गेलेला नाही, म्हणून वाटेवर नानकटाई घ्यायची मुलीची सवयच झाली आहे.

२०२५ मध्ये नोंदणीची पंधरा वर्षं भरली. भंगारात द्यावी की ठेवावी यावर घरात चर्चा झाली नाही. पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेवरून पाच हजार झालं आहे, पर्यावरण कर वेगळा, शिवाय नव्या पद्धतीच्या नंबर प्लेट. पंचवीस नंबरचा अर्ज, तपासणी, दोन हेलपाटे. मग २०३० पर्यंतचा कागद मिळाला. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी तिच्या काळच्या रबरी नळ्या केलेल्या नाहीत, म्हणून उस्तादांनी त्या सगळ्या बदलून टाकल्या आणि दर सुट्टीच्या आधी हुंगून बघायला सांगितलं. बायको रविवारी सकाळी मोकळ्या मैदानावर गाडी शिकते. रिव्हर्स तिला माझ्यापेक्षा चांगला जमतो.

आता मला बीदरला जायचं आहे. महमूद गावाननं पंधराव्या शतकात बांधलेला मदरसा तिथं अर्धामुर्धा उभा आहे, आणि एका मास्तरानं तो एकदा तरी पाहावा असं मला फार वाटतं. अम्मीची अट अशी की वाटेत आधी गुलबर्ग्याला ख्वाजा बंदे नवाजांच्या दर्ग्यावर मुक्काम करायचा. उस्तादांची अट अशी की रेडिएटरचा पंखा बदलल्याशिवाय निघायचं नाही. पंखा कोल्हापूरहून यायचा आहे.