पाऊस नाही आला तर भक्तीचं काय?



आजच्या नोंदीत खताचा डोस नाही की फवारणीचं वेळापत्रक नाही. यंदा पेरणीनंतर पावसानं अठरा दिवस उघडीप दिली. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतीय, ती लिहितो. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या.

आपण शेतकरी देवाकडं कशासाठी जातो? पावसासाठी, भावासाठी, लेकराबाळांसाठी. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितलेत : आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. संकटात हाक मारतो तो आर्त, काहीतरी हवं म्हणून येतो तो अर्थार्थी. आपल्यातले बरेच जण मृगात अर्थार्थी असतात आणि आर्द्रा कोरडी गेली की आर्त होतात. पण गीता या दोघांना दारातनं हाकलत नाही. चौघंही चांगलेच, असं म्हणते. फक्त ज्ञानी देवाला जास्त जवळचा, कारण त्याला देवाकडनं दुसरं काहीच नको असतं. म्हणजे मागत मागत निघालं तरी चालतं. वाट तिथनंच सुरू होते.

नारदाची भक्तिसूत्रं 84 आहेत. त्यात भक्ती म्हणजे परमप्रेम असं सांगितलंय. त्या प्रेमात मागणं नसतं आणि ते क्षणाक्षणाला वाढतं. वाचायला सोपंय. पण ज्यानं एकरी तीस किलो सोयाबीन मातीत टाकलंय, त्यानं काही मागायचं नाही म्हणजे काय?

आमच्या बांधाला बांध असलेल्या एका गड्यानं हेच विचारलं. त्याची उगवण करपली. बी उसनवारीचं, खत उधारीवर. आठ-दहा वर्षं गळ्यात माळ होती, ती काढून त्यानं खुंटीला अडकवली. पारावर बसल्यावर म्हणला, "पाऊस आला की देवाची कृपा म्हणता. मग नाही आला तर काय म्हणायचं?" कुणाला उत्तर सुचलं नाही. मलाही नाही. ज्याचं रान करपलंय त्याला प्रवचन देणं बरं नव्हं, म्हणून गप्प बसलो.

मग घरी तुकोबांचं चरित्र पुन्हा काढलं. आपण तुकोबांना कीर्तनात ऐकतो, पण ते कुणबी होते आणि दुष्काळात पोळलेले होते हे विसरतो. 1630 च्या आसपास दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. त्यात त्यांचा धंदा बसला, थोरली बायको अन्नावाचून गेली, मूलही गेलं. त्यानंतर हा माणूस भामचंद्राच्या, भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात जाऊन बसू लागला. देवानं काही दिलं म्हणून गेला असं म्हणायची सोयच नाही, जवळचं सगळं गेलं होतं. आणि परंपरा सांगते की, घरात लोकांच्या कर्जाचे कागद होते, त्यातला आपल्या वाटणीचा अर्धा हिस्सा त्यांनी इंद्रायणीत सोडून दिला.

मला वाटतं, शेजाऱ्याच्या प्रश्नाची वाट इथनं जाते. पाऊस हा भक्तीचा पगार नाही. तो कमी दाबाचा पट्टा आणि वाऱ्यावर ठरतो, माळकऱ्याच्या रानात जास्त आणि दुसऱ्याच्या रानात कमी असा पडत नाही. पाऊस आला तर कृपा म्हणायचं आणि नाही आला तर आपल्याच पापाचं फळ म्हणायचं, हा हिशोब आधी मोडला पाहिजे. त्यानं करपलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक ओझं बसतं.

मग पगार नाही तर भक्ती करायची कशाला? इथं मला सावतोबा आठवतात. माढा तालुक्यातलं अरण हे त्यांचं गाव, काळ ज्ञानदेव-नामदेवांचा. पंढरपूर काही लांब नाही, पण मळा सोडून ते वारीला गेले नाहीत असं सांगतात. भाजीच्या वाफ्यातच त्यांना विठ्ठल दिसला. आजही त्यांची पालखी पंढरीला जात नाही, उलट पांडुरंगाची पालखी अरणला येते. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायातही हाच विचार आहे, आपल्या वाट्याचं काम हेच देवाला वाहायचं फूल. सावतोबांना खुरपं आणि टाळ वेगळे करावे लागले नाहीत. आईला लेकराची उस्तवार ओझं वाटत नाही, तसं काहीसं.

पण एक गैरसमज काढू. फळाची आशा धरू नको म्हणजे हिशोब ठेवू नको असा अर्थ नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरायची नाही. घरच्या बियाण्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किमान सत्तर उगवतात का बघायचं. पीक विमा भरायचा, हमीभाव मागायचा. यातलं काहीच भक्तीच्या आड येत नाही. मन लावून केलेलं काम नीटच करावं लागतं. एवढं करूनही जे आपल्या हातात नाही, ते गेलं तर आतलं प्रेम त्यासोबत जाऊ नये, इतकंच संत सांगतात. आणि हे इतकंच सगळ्यात अवघड आहे. मला अजून जमलेलं नाही. ढग बघून माझी झोप जातेच.

आता पुढचं. पंधरा जुलैच्या आत दुबार पेरणी साधायची होती. आमच्या आबांनी घरचं राखलेलं दोन गोणी बी त्या शेजाऱ्याच्या गाडीत टाकलं. मी उसनवारीची वही काढली तर म्हणाले, "ते लिहू नको." आम्हाला स्वतःला दुबार करायची वेळ आली असती तर तेच बी लागलं असतं. मी तसं बोललोही. आबा म्हणाले, "माहितंय मला." त्यापुढं काही बोलले नाहीत.

आबांनी भक्तिसूत्रं वाचलेली नाहीत. सही करतात तेवढंच शिक्षण. पण त्या दिवशी मला आत्मनिवेदन, नवविधा भक्तीतली शेवटची पायरी, थोडी कळल्यासारखी वाटली. देवाला सगळं दिलं असं तोंडानं म्हणणं सोपं आहे. ते दोन गोण्यांपर्यंत आलं की कळतं किती दिलं ते.

शेजाऱ्याची माळ अजून खुंटीवरच आहे. आबांनी त्याला त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही, मीही विचारणार नाही. त्याची दुबारची उगवण बरी आहे. परवा वाफसा आला की दोघं मिळून कोळपणी धरतोय, त्याचा एक बैल, आमचा एक.

तुमच्या शिवारात असं कुणी न लिहिता दिलेलं असेल तर सांगा. नाव नका लिहू, त्यांना आवडणार नाही.

राम कृष्ण हरी.