एक दिवसाआड

2024 च्या दिवाळीत अकोल्याला घरी गेलो होतो. फराळ, झोप, परत फराळ. मग एक दिवस अमरावतीला मामांकडे. (2022 मध्ये या रस्त्यावर 75 किलोमीटर डांबराचा पट्टा 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज बुकात नाव लावलंय, हे ऐकवल्याशिवाय वऱ्हाडी माणूस सोडत नाही. मीही नाही सोडलं :) )

मामांचं मेडिकल आहे. बाबांच्या गोळ्या तिथूनच येतात. चहा घेताना मामा हळूच म्हणाले, "तुया बाबाले इचार जरा, एका महिन्याच्या गोळ्या दोन महिने कशा पुरून रायल्या."

गोळीचं नाव एम्पाग्लिफ्लोझिन. मधुमेहाची, शिवाय हृदयालाही फायद्याची. तेव्हा एक गोळी साठेक रुपयांना. म्हणजे महिन्याला अठराशे, आणि अशी पाच औषधं. घरी येऊन विचारलं तर बाबा शांतपणे म्हणाले, "एक दिवसाआड घेतो. काही होत नाही बे त्यानं." मी पैसे पाठवतोच, पण पोराकडे जास्तीचे मागायचे नाहीत हा त्यांचा कायदा. साठ रुपयांत आमच्या ऑफिसखाली धड कॉफी येत नाही!

रात्री झोप येईना. मग आपल्या धंद्यातली सवय, बग दिसला की मुळाशी जायचं. 1970 च्या कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळतच नव्हतं, फक्त बनवायच्या पद्धतीवर मिळायचं. त्याच जोरावर आपल्याकडे स्वस्त औषधांचे कारखाने उभे राहिले. डब्ल्यूटीओच्या करारापायी 2005 पासून रेणूवरही पेटंट आलं, अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं. बाबांच्या गोळीचं संपणार होतं 11 मार्च 2025 ला. आता हेही खरं की अमेरिकेत तिला मंजुरीच मुळी 2014 मध्ये मिळाली, आधीची वर्षं संशोधन नि चाचण्यांत गेली. तो खर्च कंपनीने काढू नये असं मी म्हणत नाही.

पण काही कंपन्या वीस वर्षांवर थांबत नाहीत. तोच रेणू, नवा क्षार, नवीन अर्ज! आपल्या कायद्यातलं कलम 3(ड) इथे आडवं येतं. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्लिवेकचं पेटंट त्यावरच नाकारलं. टीबीच्या बेडाक्विलिनचंही तेच. मुंबईची नंदिता वेंकटेशन, जिचं ऐकणं टीबीच्या उपचारात गेलं, आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले, दोघी पेटंट कार्यालयात भांडल्या. मार्च 2023 मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज फेटाळला गेला. नाहीतर मक्तेदारी 2027 पर्यंत लांबली असती.

असो. आमचे चारच महिने उरले होते. तेवढे पैसे मी परस्पर मामांना दिले.

मार्चमध्ये मामांचा फोन. "साडेपाच रुपयापासून आली बे गोळी! दहा-बारा कंपन्यांची हाय. कोनती धाडू?"

आणि बाबांनी काय करावं? आठवडाभर नवी स्ट्रिप फोडलीच नाही. "साठाची गोळी साडेपाचला? काहीतरी कमी टाकलं असंल." मामांनी अमरावतीहून येऊन जुनं-नवं पाकीट शेजारी ठेवून रेणूचं नाव दोनदा वाचून दाखवलं, तेव्हा कुठे पटलं.

आता रविवारी फोनवर पहिला प्रश्न माझाच असतो. "बाबा, घेतली का?"

"घेतली बे. कालचीबी घेतली होती."