जनरल रजिस्टरमधलं राजूर

शाळेचा इतिहास सांगायचा म्हटला की आपण कोनशिलेपासून सुरुवात करतो: संस्थापक कोण, उद्घाटन कोणाच्या हस्ते, साल कोणतं. राजूरसारख्या गावात हायस्कूलचा खरा इतिहास ऑफिसच्या कपाटातल्या जनरल रजिस्टरात असतो, असं माझं मत आहे. नाव, जात, मातृभाषा, जन्मस्थळ, आधीची शाळा आणि अगदी शेवटी, शाळा सोडल्याचं कारण. वणी तालुक्यातलं हे गाव कोळशावर आणि चुन्याच्या भट्ट्यांवर वाढलं. कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण 1973 मध्ये झालं, 1975 मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी आली, तरी लोकांच्या तोंडी गावाचं नाव ‘राजूर कॉलरी’च राहिलं. खाणीला आणि भट्टीला माणसं लागतात, ती लांबून येतात आणि आपापली भाषा घेऊन येतात. या पट्ट्यात वऱ्हाडी, गोंडी, कोलामी आधीपासून होत्याच. तेलुगू आणि हिंदीची भर पडली. कामगाराचं नाव ठेकेदाराच्या वहीतही असतं, पण ती वही ठेकेदाराबरोबर जाते. शाळेचं रजिस्टर गावातच राहतं. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचे पुरावे शोधावे लागतात, तेव्हा वाडवडिलांच्या शाळेतल्या एका ओळीची किंमत कळते. सातबारा ज्याच्या नावावर नाही, त्याच्यासाठी दाखला हाच कागद.

म्हणून अशा गावातलं हायस्कूल सगळ्यांचं, म्हणजे सार्वजनिक जबाबदारीचं असायला हवं, असं मी म्हणतो. आपली व्यवस्था मात्र नेमकी इथेच हात आखडते. जनगणनेच्या लेखी राजूर हे शहर आहे. 2011 च्या कसोटीनुसार किमान 5,000 लोकवस्ती, शेतीबाहेर काम करणारे किमान 75 टक्के पुरुष आणि चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं असली की गाव शहरात मोजलं जातं. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच. विदर्भात अनेक नगर परिषदांनी स्वतःची हायस्कुलं चालवली. इथे नगर परिषदच नाही. मागे पाहिलं तर 1882 च्या हंटर आयोगानेच सरकारने माध्यमिक शिक्षणातून हळूहळू अंग काढून घ्यावं आणि खासगी संस्थांना अनुदान द्यावं, असं सुचवलं होतं. संस्थांनी ते काम पेललंही. पंजाबराव देशमुखांची 1932 ची श्री शिवाजी शिक्षण संस्था नसती, तर वऱ्हाडातली कितीतरी शेतकऱ्यांची मुलं मॅट्रिकपर्यंत पोचलीच नसती. पण संस्था उभी राहायला जमीन, देणगी आणि गावात मुळं धरलेली माणसं लागतात. रोजंदारीवरच्या वस्तीकडे यातलं फारसं काही नसतं. त्यात शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंतच. नववीची पायरी, जिथे मुलाला कामाला लावण्याचा विचार घरात सुरू होतो, तिथेच कायद्याचा आधार सुटतो.

यावर पहिला आक्षेप असा की वणी काही किलोमीटरवर आहे, मुलं तिथे जातील. जातात, पण बसचा खर्च, पावसाळा आणि मुलीला एकटी पाठवावी की नाही हा घरातला वाद, ही गाळणी आपोआप लागते. गाळून कोण राहतं ते सांगायला नको. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: पालकच इंग्रजी माध्यम निवडत असतील, तर गावातलं हायस्कूल कोणासाठी टिकवायचं? पालकांची निवड चूक आहे, असं मी म्हणणार नाही. मात्र फी भरू शकणारे बाहेर पडले की शाळेत ज्यांचा आवाज ऐकला जात नाही तेच उरतात, मग शिक्षकाची रिकामी जागा रिकामीच राहते, आणि तीच रिकामी जागा पुढच्या पालकाचं बाहेर पडण्याचं कारण बनते. कोठारी आयोगाने 1964 ते 1966 या काळात शेजारशाळेचा आग्रह धरला, तो हे चक्र थांबावं म्हणूनच. तिसरा आक्षेप पैशाचा. त्याला उत्तर खाणपट्ट्यातच आहे. 2015 मध्ये जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली, तेव्हा त्यांच्या निधीतला किमान 60 टक्के भाग पाणी, आरोग्य, शिक्षण अशा अग्रक्रमाच्या कामांवर खर्च करावा असं ठरलं. या पैशातून वर्गखोली रंगवली जाते. मी म्हणतो, प्रयोगशाळा उभी करा, मुलींसाठी बस सुरू करा.

कोळसा संपणारी गोष्ट आहे. सीम संपली की खाण बंद होते, कामगारांच्या बदल्या होतात, भट्टीवरचे लोक दुसऱ्या भट्टीवर जातात. तेव्हा मागे काय उरेल, हा प्रश्न खाण चालू असतानाच विचारायचा असतो. जनरल रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात ‘सतत गैरहजर’ असं लिहिलं जातं, किंवा ‘दहावी उत्तीर्ण’. या दोन नोंदींमधलं अंतर मुलाच्या हुशारीपेक्षा शाळेने किती धीर धरला, यावर जास्त ठरतं. तो धीर धरण्याचा खर्च एकट्या आईबापांच्या माथी मारून चालणार नाही. ज्यांच्या चुली आणि वीजकेंद्रं या कोळशावर पेटली, त्या सगळ्यांच्या वाट्याला तो येतो.