वय पाहून वाटलेली कामं

मंडळीत कोणी काय करायचं, हे मी बरीच वर्षं वयावरून ठरवत आलो. तरुणांनी गावं-वाजवावं, चाळिशीतल्यांनी अर्पणाचा हिशेब ठेवावा, म्हाताऱ्यांनी प्रार्थना करावी. संदेश देणारा मी. शाळामास्तर असल्यामुळे बोलायची सवय होती आणि त्या सवयीलाच मी कृपादान समजलो. आमच्या करडी गावाकडे आमची घरं मोजकी, उपासना कोणाच्या तरी ओसरीवर. तिथे गुरुजींना अडवणार कोण?

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 12व्या अध्यायात पौल सेवा, शिक्षण, बोध, दान, पुढारपण, दया अशी कृपादानं सांगतो. वयाची अट कुठेच घालत नाही. हा अध्याय मी कितीदा शिकवला असेन!

सगळ्यांत जड चूक एका मुलाच्या बाबतीत झाली. पाठांतरात हुशार, वय सोळा. नाताळच्या उपासनेत सगळ्यांदेखत मी जाहीर केलं की देवाने याला सेवक म्हणून निवडलं आहे. आईबापांचे डोळे भरून आले. मुलगा खाली मान घालून उभा होता. ती मला नम्रता वाटली. पुढे तो नागपूरला कामाला लागला आणि सणालाही उपासनेला येईना. मी त्याला बहकलेला म्हणत राहिलो, प्रार्थनेत त्याचं नावही घेतलं. बऱ्याच वर्षांनी भेटला तेव्हा म्हणाला, "गुरुजी, मला गाड्या दुरुस्त करायला आवडायचं. गावात आलो की जो तो विचारायचा, सेमिनरीत कधी जातोस? म्हणून येणंच सोडलं." मी माफी मागितली. त्याने चहा पाजला, पण उपासनेला येईन असं काही म्हणाला नाही.

आमच्या मंडळीतल्या एका मावशींची गोष्ट वेगळी. अक्षरओळख नाही, साठी उलटलेली. म्हणून माझ्या यादीत त्या प्रार्थनेला. खरं तर धानाच्या रोवणीच्या दिवसांत बायांची अख्खी टोळी त्याच चालवत. कोण कोणत्या बांधीत उतरणार, कोणाची मजुरी राहिली, सगळं तोंडपाठ. एका वर्षी आमच्या दोन घरांचं भांडण पेटलं आणि नाताळची पंगत मोडायची वेळ आली. मी समेटावर संदेश तयार करत बसलो होतो. मावशी म्हणाल्या, "गुरुजी, प्रार्थना तं मी करतच आहो. पंगतीचं कोन पायते?" दोन्ही घरच्या बायकांना त्यांनी एकाच चुलीपाशी भात रांधायला बसवलं. संदेशाची गरज उरली नाही, याचं मला थोडं वाईटच वाटलं!

गंमत म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण मी नेहमी देत असे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. आमच्या भंडारा रोड, तुमसर रोडवरून जाणारी तीच ही लाइन. 1895मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, 1919मध्ये ते गेले. तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यांचं अपुरं काव्य 'ख्रिस्तायन' पुरं केलं, आणि 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचा पहिला भाग आला तेव्हा त्या साठीच्या पुढे होत्या. लग्नानंतर अक्षरं गिरवलेल्या बाईची ही कथा मी पतिनिष्ठेचा दाखला म्हणून सांगायचो. समोर बसलेल्या मावशींकडे मात्र माझं लक्ष जात नव्हतं.

निवृत्तीनंतर एका नातलगासाठी भंडाऱ्याच्या दवाखान्यात राहावं लागलं. तिथे बोलण्यासारखं काहीच नसायचं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाजवळ बसायचो, पाणी द्यायचो, रात्री जागायचो. घरी परतल्यावर लोक आजाऱ्यांकडे मला नेऊ लागले, आणि संदेशासाठी बोलावणं कमी झालं. हे कृपादान की रिकामपण, मला अजून ठरवता येत नाही. लोकांनी मात्र ठरवून टाकलं आहे.

तुमच्या मंडळीतही अशी कामांची यादी असेल. यंदा नाताळाआधी ती बाजूला ठेवा, आणि ज्यांना आजवर कोणी काही विचारलं नाही त्यांना आधी विचारा. सोळा वर्षांच्या पोराला विचाराल तेव्हा चारचौघांत विचारू नका.