छत्तिसावी खोली

आमच्या गावाला कुंगफू भेटला तो जत्रेतल्या तंबूत. बहिरमची जत्रा म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याची पौषातली थंडी, मातीच्या हंडीतलं मटन, रोडगे आणि टुरिंग टॉकीज. सिनेमे सारे एका साच्यातले. गुरूला मारलं, चेला पळाला, डोंगरावरच्या म्हाताऱ्यानं त्याला राबवून घेतलं, शेवटी बदला. म्हाताऱ्याची पांढरी मिशी चिकटवलेली आहे हे शेवटच्या रांगेतूनही दिसे. भाषा कोणालाच समजत नसे, अन् कोणाचं अडतही नसे.

हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सचा 1978 चा 'थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' साच्यातलाच, पण त्यात शिकणंच जास्त. मांचू राजवटीच्या जुलमातून पळालेला पोरगा शाओलिनच्या मठात येतो. तिथं पस्तीस खोल्या, दर खोलीत नवा धडा. एका ठिकाणी हात आडवे पसरून पाण्याच्या बादल्या वाहायच्या. दंडाला पाती बांधलेली. हात खाली आला की बरगडीत टोचणार.

आम्ही पोट्टे शिट्ट्या मारत होतो. शेजारी आमचा सालदार होता, त्याला आम्ही दादा म्हणायचो. तो पुढं सरकून त्या बादल्याच पाहत होता. आमच्या घरी कावडीनं पाणी भरणं त्याच्याकडंच होतं.

परतताना बंडीचा धुरकरी दादाच. मी मागं उभा राहून लाथा झाडत होतो.

"पानी तं म्या बी बारा वर्सं वाह्यलं बापू," तो म्हणाला. "थ्याले पुढची खोली भेटली."

"तुले काय शिकाचं होतं, दादा?"

"सही." त्यानं बैलाची शेपटी पिळली. "दर पाडव्याले अंगठाच हाये."

सिनेमात तो पोरगा शेवटी मठाला म्हणतो, बाहेरच्या साध्या माणसांसाठी छत्तिसावी खोली काढा. मठवाले ऐकत नाहीत. आमची खोली गोठ्यात निघाली. कंदील, माझी फुटकी पाटी, अन् रवंथ करणारे बैल. दादाची अक्षरं आडवी पडत, आकडे मात्र त्याला लवकर आले.

गुढीपाडव्याला सालाचा कागद झाला. बाबांनी सवयीनं शाईचं पॅड पुढं सरकवलं. दादानं पेन मागितला, पण सही लगेच केली नाही. कागदावर बोट ठेवून त्यानं आधी सालाचा आकडा मोठ्यानं वाचला.

बाबांनी माझ्याकडं पाहिलं.