सराफ्यातून सारसांच्या गावी

इंदूरचा सराफा दिवसा सोने विकतो आणि रात्री भुट्ट्याचा कीस. पेढ्यांची दारे लागली की त्याच ओट्यांसमोर कढया चढतात, आणि मध्यरात्र उलटली तरी गराडू, दहीवडे, जिलब्या यांभोवतीची गर्दी हटत नाही. जुनी माणसे सांगतात, खवय्यांचा हा फुकटचा पहारा सराफांनाही हवाच होता. ज्या स्नेह्यांकडे मी उतरलो होतो, त्या अण्णांचे घर ह्याच गल्लीत. त्यामुळे झोप अशी मला मिळालीच नव्हती. म्हणून पौषातल्या त्या पहाटे त्यांनी सायकली बाहेर काढल्या, तेव्हा कुरकुर न करता मी टांग टाकली. एक राहुटी, दोन कांबळी, पोहे-शेवेची पुरचुंडी आणि चहाचे भांडे, एवढाच आमचा संसार.

"वसईच्या माणसाला आज मी पाणी दाखविणार!" अण्णा म्हणाले. समुद्रापासून इतक्या दूर माळव्याच्या पठारावर राहणाऱ्याने ही प्रौढी मिरवावी, याचे मला हसू आले.

राजवाड्यावरून धार रस्त्याला लागलो, तो अर्ध्या तासात सिरपूरचा तलाव. होळकरांच्या राज्यातला हा तलाव भरपावसातही दोन मीटरांहून खोल होत नाही. पण हा उथळपणाच पाखरांच्या सोयीचा. थापट्या बदके चोचीने पाणी गाळीत होती, वारकरी पाखरांचे काळे थवे मधोमध तरंगत होते. हे पाणी कचरा आणि अतिक्रमण यांच्या तोंडी गेलेले असताना छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे त्यासाठी झगडले. मोंढे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. २०२२ साली सिरपूर आणि आम्हांला पुढे जावयाचे होते तो यशवंतसागर, दोन्ही रामसर यादीत गेले. कॅस्पियन समुद्रकाठच्या रामसर गावी १९७१ साली पाणथळ जागांविषयी जो करार झाला, त्याची ही यादी. २०२५ मध्ये तर उदयपूरसह इंदूरला 'पाणथळ नगर' हा मान मिळाला. भारतातील पहिली दोन नगरे हीच.

विमानतळ बगलेला ठेवून हातोदच्या वाटेला लागलो. दुतर्फा हरभरा आणि गहू. घाई कशाचीच नव्हती. चढ आला की उतरून चालत होतो. अण्णा वाटेत पाण्याचा भूगोल सांगत होते. यशवंतसागर गंभीर नदीवर, यशवंतराव होळकरांच्या कारकिर्दीत १९३० च्या दशकात, शहराच्या पाण्यासाठी बांधला. तो काठोकाठ भरला की धरणाचे सायफन आपोआप पाणी ओढू लागतात. ते क्षिप्रेला, पुढे चंबळ-यमुनेतून गंगेला मिळते. पुढे शहर वाढले, तेव्हा विंध्यापलीकडून नर्मदा पंपांनी वर आणावी लागली. म्हणजे अरबी समुद्राकडे निघालेले पाणी इंदूरकर पितो आणि बंगालच्या उपसागराकडे धाडतो!

तलाव दृष्टीस पडला आणि बाभळीच्या काट्याने माझे चाक बसले. भोक शोधावयास बादलीभर पाणी हवे, म्हणून काठच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीवर गेलो. त्या भल्या माणसाने पाणी दिले, पंक्चर काढून दिले, आणि राहुटीला बांधावर जागाही दिली. मात्र त्याचे लक्ष सारखे पाण्याच्या कडेला लागलेले. पावसाळ्यात सारसांच्या जोडीने त्याच्या शेताच्या पाणथळ टोकाला लव्हाळ्यांचे घरटे केले होते. तेवढा तुकडा त्याने न पेरता सोडला. दोन अंड्यांपैकी एक कुत्र्यांनी फोडले. दुसऱ्यातले पिल्लू वाढले, उडू लागले. पण चार दिवस ते दिसले नव्हते. "तारांची भीती वाटते," तो म्हणाला. एवढा मोठा पक्षी उडतो खालून, आणि विजेच्या तारा त्याला वेळेवर दिसत नाहीत.

सूर्य कलला तेव्हा जोडी आली. पुरुषभर उंची, राखी अंग, तांबडी मान. दोघेच. शेतकरी काही न बोलता घरी गेला.

रात्री कांबळ्यात गुरफटून बसलो असता अण्णांनी विचारले, "तुमच्या खाजणात काय येत असे हो?" मी सांगू लागलो: बगळे, निवट्या, चिंबोऱ्या, भरतीला बांधाची उघाडी लावावयाची आणि ओहोटीला काढावयाची, हे माझे लहानपणचे काम. मग सांगावे लागलेच की वडिलांच्या वाट्याचे ते खाजण मीच विकले. पैशाची अडचण होती हे खरे. पण तुकडा राखता आला असता हेही खरे. आता तेथे भराव घालून इमारत उभी आहे, आणि पावसाळ्यात तिच्या तळमजल्यात पाणी शिरते. अण्णा बराच वेळ चुलीतली काटकी हलवीत राहिले.

पहाटे धुक्यात तुतारीसारखा आवाज झाला. एकाने हाक द्यावी, दुसऱ्याने ती झेलावी, असा. राहुटीबाहेर आलो तो शेतकरी आधीच बांधावर उभा. धुके विरळ होत गेले. हरभऱ्याच्या कडेला जोडी चरत होती, आणि त्यांच्या मागे, थोडे ठेंगणे, विटकरी-पिवळ्या डोक्याचे तिसरे.

त्याने बोटावर मोजले, पुन्हा एकदा मोजले, आणि मोटर सुरू करावयास विहिरीकडे निघून गेला.